कौले उतरवून पत्रा घालावा काय?

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्राजवळ आमचे जुने मंगळुरी कौलांचे घर आहे. वानरांनी कौले फोडल्यामुळे पावसाळ्यात दोन खोल्या गळतात. सगळी कौले उतरवून पत्रा घालावा काय?

उत्तर : निर्णय कौले पाहून करू नका, आधी सुताराकडून वासे आणि रिपा तपासून घ्या. कौलांचा भार दर चौरस मीटरला सुमारे 40 किलो भरतो, तर रंगीत पत्र्याचा जेमतेम 5 किलो. त्यामुळे लाकूड वाळवीने पोखरले असेल आणि ते बदलणे परवडत नसेल, तरच पत्र्याकडे वळावे. मात्र हाच हलकेपणा वादळात घातक ठरतो. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात किनाऱ्यावरील असंख्य घरांचे पत्रे उडाले. खाऱ्या वाऱ्यात साध्या जस्ताचा पत्रा लवकर गंजतो, म्हणून ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेलाच घ्यावा, आणि स्क्रू गंजरोधक, रबरी वॉशरचे असावेत, कारण गळती बहुधा त्या छिद्रांतूनच सुरू होते. ॲस्बेस्टॉसचा सिमेंटी पत्रा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. कापताना, फुटताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसांना अपाय करते.

लाकूड शाबूत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : फुटकी कौले बदलून छप्पर तसेच राखावे. वानरांचा उपद्रव थांबणारच नसेल, तर खाली पत्रा आणि वर कौले, ही कोकणात रुळलेली पद्धत आपल्याला उपयोगी पडेल.