जॅझ बेसचा आवाज ऑर्केस्ट्रात पातळ पडतो. पिकअप बदलू का, आणि कोणते घेऊ?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘आमचे लीडर म्हणतात बेसमध्ये दम नाही, ॲक्टिव्ह पिकअप टाक.’ कोणता ब्रँड, किती बजेट हे सांगणारे बरेच भेटतील. मी या एका वाक्यासाठी लिहितोय. (नव्यांसाठी: जॅझ बेस म्हणजे फेंडर कंपनीचा दोन पिकअपचा बेस गिटार, आणि पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि कॉइल, जे तारांचं कंपन विजेत बदलतात.)

मी सांगली-मिरज भागातल्या ऑर्केस्ट्रांत बेस वाजवतो. आमच्याकडे बेसवाल्याला मान कमीच. बहुतेक ठिकाणी खर्जाचं काम कीबोर्डच्या डाव्या हातावर भागवतात आणि वाचलेलं मानधन वाटून घेतात. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, स्वतः कीबोर्ड वाजवतात. माझा बेस ऐकू येत नाही ही त्यांची कायमची तक्रार. ‘अरे, ढोलकी सुरू झाली की तू गायबच होतोस. पिकअप बदल, नाहीतर मी डाव्या हातानं भागवतो.’ निम्मे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून काढले, मला पुण्यातल्या एका दुकानात नेलं आणि नवा सेट तिथेच बसवायला लावला.

दुकानदारानं मल्टिमीटर लावून दाखवला. जुना पिकअप सात हजार ओहमच्या आसपास, नवा दहाच्या वर. ‘बघा, दीडपट ताकद!’ अण्णा खूश. या आकड्यानं जितक्यांना फसवलं असेल तितकं दुसऱ्या कशानंच नसेल. ओहमचा आकडा म्हणजे फक्त कॉइलच्या तांब्याच्या तारेचा रोध. तार बारीक वापरली तरी आकडा वाढतो, वेढे जास्त घातले तरी वाढतो. इतकंच काय, तांबं गरम झालं की रोध अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं चढतो. एसी दुकानात दहा हजार दाखवणारा पिकअप मे महिन्यातल्या दुपारी पावणेअकरा दाखवेल, म्हणून तो दुपारी जास्त दमदार वाजतो का? वेढे खरंच जास्त असतील तर आवाज मोठा होतो हे कबूल, पण त्याच वेळी वरची धार बोथट होते. आवाज मोठाच करायचा असेल तर मिक्सरवर गेनचा नॉब फुकट आहे.

पुढच्याच कार्यक्रमाला, एका हळदीला, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले आणि बेस पार पोकळ झाला. खालचा सगळा भाग गेला, उरला फक्त नाकात बोलल्यासारखा आवाज. साउंडवाल्यानं लो वाढवला तसा मॉनिटर घुमायला लागला. एक व्हॉल्यूम बंद केला की मात्र आवाज लगेच भरून यायचा. ज्याला कळतं त्याला इथेच कळतं: दोन पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये जोडलेत, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली, आणि दोघे एकमेकांना मारतात. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, ‘सर, ब्रँडेड मालाचा टोन असाच मॉडर्न असतो, कान सरावतील.’ अण्णांनीही तेच मान्य केलं. म्हणे महाग वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.

घरी आल्यावर जुना काट्याचा मीटर काढला. बेसला केबल लावली, केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर, एका वेळी एकच व्हॉल्यूम उघडा. स्क्रू ड्रायव्हरचं पातं पिकअपच्या पोलवर (तारेखालच्या चुंबकाच्या टोकावर) टेकवायचं आणि झटक्यात उचलायचं. नेकच्या (मानेकडच्या) पिकअपला काटा डावीकडे हलला, ब्रिजच्या (तारा खाली टेकतात त्या पट्टीजवळच्या) पिकअपला उजवीकडे. दोन्ही एकाच बाजूला हलायला हवेत. मग मुलाच्या कंपासपेटीतलं छोटं होकायंत्र दोन्हींवर धरलं. एकावर सुईचं उत्तर टोक खेचलं गेलं, दुसऱ्यावर दक्षिण, म्हणजे चुंबकं बरोबर उलटसुलट होती. जॅझ बेसच्या जोडीत ती तशीच हवीत, कारण चुंबक उलटं आणि वेढेही उलटे असले की तारांचा आवाज एकत्र होतो आणि मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण एकमेकींना मारते. म्हणजे सेट चांगलाच होता, दुकानात दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. ब्रिजच्या पिकअपची काळी आणि पांढरी वायर सोडवून अदलाबदल करून परत सोल्डर केली. दोन्ही व्हॉल्यूम उघडले तर आवाज भरला आणि गुणगुण एकदम थांबली.

तिथेच मी सेटअपही नीट केला. नव्या तारा घातल्या. सगळ्यात शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तारेतलं अंतर जाड तारेकडे तीन मिलिमीटरच्या थोडं वर आणि पातळ तारेकडे अडीचच्या आसपास ठेवलं. आधी पिकअप इतके खाली बसले होते की त्यांना तारेचा पत्ताच लागत नव्हता. पुढच्या कार्यक्रमात अण्णा कीबोर्डवरून माझ्याकडे बघून हसले आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बघितलंस? पिकअपचे पैसे वसूल!’

ते मला आजही मान्य नाही. मी जुना सेट परत बसवला, त्याच तारा, तीच उंची, तीच केबल, आणि तीच ओळ लॅपटॉपवर रेकॉर्ड केली. नव्या सेटवर वाजवलेल्या रेकॉर्डिंगशी आवाजाची पातळी जुळवून घेतली आणि अण्णांना दोन्ही ऐकवली. फरक आहे. नव्यात मधला भाग जरा पुढे येतो, हेडफोनवर स्पष्ट कळतं. पण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डच्या गर्दीत तो फरक राहत नाही. अण्णांनी जुन्या सेटकडे बोट दाखवून ‘हाच नवा’ म्हणून सांगितलं. त्यानंतर माझ्याशी ते या विषयावर बोलत नाहीत, पण ऑर्केस्ट्रात नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला अजून तेच सांगतात: पिकअप बदल, ॲक्टिव्ह टाक. तुमच्या लीडरचं वाक्य वाचून मला राहवलं नाही ते यामुळे. तंबोरा बोलेनासा झाला की आमच्या मिरजेतला कारागीर घोडी घासून जवारी (तारेची झणझणती आस) काढतो, भोपळा बदलत नाही.

आता तुमच्या बेसबद्दल. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की तारेच्या दोन वेगवेगळ्या जागांवरून आवाज उचलला जातो आणि मधल्या काही फ्रिक्वेन्सी आपसात कापल्या जातात. घरी एकट्यानं वाजवताना हा आवाज फार गोड लागतो. ऑर्केस्ट्रात मात्र बेस ऐकू येतो तो नेमका त्या मधल्या भागामुळे. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. हॉलमधल्या किंवा मांडवातल्या टॉप स्पीकरना ती नीट वाजवताच येत नाही, आणि सब (फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) लावले नसतील तर कान ८२ आणि १२३ हर्ट्झवरून खालच्या सुराचा अंदाज बांधतो. तेव्हा नेक पिकअप पूर्ण ठेवा, ब्रिजचा निम्म्यावर आणा, आणि साउंडवाल्याला फक्त लो वाढवायला न सांगता २०० ते ४०० हर्ट्झ थोडं वाढवायला सांगा. बहुतेक वेळा ‘दम’ इथेच सापडतो.

पिकअप कोणता यापेक्षा तो कुठे बसलाय हे महत्त्वाचं. ब्रिजजवळ तार कमी हलते, मूळ सूर कमी आणि वरचे हार्मोनिक्स (उपस्वर) जास्त मिळतात. जॅझ बेसवर वाजवणाऱ्या जॅको पास्टोरियसचा नाकातला, बोलका आवाज त्या ब्रिज पिकअपमधूनच यायचा. उलट जेम्स जेमरसननं मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीत १९६२ चा प्रिसिजन बेस (फेंडरचाच दुसरा बेस) वाजवला: एकच पिकअप, जुन्या फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा, त्या तो जवळजवळ बदलायचाच नाही. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप फेंडरनं १९५७ साली आणला, जॅझ बेस १९६० मध्ये. या दोन आवाजांतला फरक मुख्यतः जागेचा आणि कॉइलच्या रचनेचा आहे. जॅझ बेसमध्ये कितीही महाग पिकअप घाला, तो प्रिसिजनसारखा वाजणार नाही. तो आवाज हवा असेल तर सेकंडहँड प्रिसिजन बघा.

‘ॲक्टिव्ह’ या शब्दाचाही आपल्याकडे गोंधळ आहे. १९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे घ्या: पिकअप पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा), प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) बेसच्या आत. ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह पिकअपमध्ये प्रीअँप पिकअपच्याच पोटात असतो. त्याला २५ हजार ओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे रोधक) लागतात, तुमच्या बेसमधले अडीच लाख ओहमचे चालत नाहीत, म्हणजे आतली सगळी वायरिंग बदलायची. वर नऊ व्होल्टची बॅटरी. केबल लावलेली राहिली की ती उतरत राहते, आणि एखाद्या दिवशी कार्यक्रमाच्या मध्यावर बेस फाटका वाजायला लागतो. लीडरना आधी विचारा, यातलं नक्की काय हवंय.

तरी पिकअप बदलण्याची खरी कारणं असतात. कॉइल तुटली असेल, म्हणजे मीटर काहीच दाखवत नसेल, तर बदलाच. एकच पिकअप वापरताना गुणगुण सहन होत नसेल तर डीमार्झिओ मॉडेल जेसारखा घ्या, त्यात एकाच पिकअपच्या आत उलटसुलट कॉइल असल्यानं तो एकटाही शांत राहतो. लाइटच्या डिमरमुळे येणारी करकर ही वेगळी गोष्ट, तिला आतून तांब्याची पट्टी लावून फरक पडतो. स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकून) वाजवत असाल किंवा पाच तारी बेस असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. वायरी अदलाबदल करायची युक्तीही फक्त दोन सुट्या वायरींच्या पिकअपला. जाळीची वायर किंवा खाली धातूची पट्टी जोडलेली असेल तर हात लावू नका.

आणि घ्यायचेच ठरवलं तर मागवण्याआधी दोन्ही पिकअप बाहेर काढून पट्टीनं मोजा. फेंडरच्या मूळ मापात नेकचा पिकअप ब्रिजच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड असतो, पण बऱ्याच स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे टाकलेले असतात. लांब पिकअप आखूड खाचेत बसत नाही, आणि मग दुकानात कानस घेऊन लाकूड घासायला बसतात.