‘ताई, दूध वाढवायला काहीतरी द्या ना’

स्तनपान समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंच नाही. त्या दिवशी आलेल्या मुलीच्या मांडीवर चोवीस दिवसांचं बाळ होतं आणि पिशवीत तीन गोष्टी होत्या: शतावरीची पावडर, मेथीच्या कॅप्सूल आणि नातेवाइकाने दिलेली गोळ्यांची अर्धी पट्टी. सोबत सासरे होते. आयुष्यभर म्हशी पाळलेला माणूस. बसताक्षणी त्यांनी विचारलं, “जनावराला इंजेक्शन देतात, तसं बाईला काही नसतं का?”

आधी मी गोळ्यांची पट्टी पाहिली. डोंपेरिडोन. ही मुळात मळमळ-उलटीची गोळी. तिने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक वाढतं, म्हणून दुधासाठीही वापरतात. पण तिच्यामुळे हृदयाची लय बिघडू शकते, आणि दुधासाठी ती घेऊ नका असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्येच दिला होता. “छातीत धडधडतं का?” विचारल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “हो, पण मला वाटलं काळजीने होतंय.” त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. ही गोळी कधी द्यायची, द्यायची की नाही, हे ईसीजी आणि बाकीची औषधं बघून डॉक्टरच ठरवू शकतात. उरलेली पट्टी एकीने दुसरीला द्यावी, असं हे औषध नाही.

मग सासऱ्यांचा प्रश्न. मी त्यांनाच विचारलं, “म्हैस पान्हा चोरते, तेव्हा सडात दूध नसतं का?” ते लगेच म्हणाले, “असतं की! वासरू सोडलं, त्याने ढुशी दिली की सुटतं.” जनावराला देतात ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं इंजेक्शन नेमकं एवढंच करतं: तयार असलेलं दूध खाली ढकलतं. नवं दूध त्याने बनत नाही. आणि रोज टोचत गेलं की जनावर त्याच्याशिवाय पान्हा सोडेनासं होतं. गायीचं दूध खरोखर वाढवणारं संप्रेरक वेगळं, सोमॅटोट्रॉपिन. अमेरिकेने त्याला १९९३ मध्ये परवानगी दिली. कासदाह (कासेची सूज) आणि लंगडेपणा वाढतो म्हणून कॅनडाने नाकारलं, युरोपीय संघानेही बंदी घातली. बाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन बाळाच्या चोखण्याने आपोआप सुटतं. दुखणं, भीती, लाज यांनी ते अडतं. मग दूध असूनही उतरत नाही.

मग मी म्हटलं, “आता पाज, मला बघू दे.”

बाळाने फक्त बोंडीच तोंडात धरली होती. दर घोटागणिक गालाला खळी पडत होती, जीभ टचकन वाजत होती. दहा मिनिटांनी सुटलं, तेव्हा बोंडी एका बाजूने चेपलेली होती. ती घड्याळ बघत होती, कारण ‘एका बाजूला दहाच मिनिटं’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. रात्री तिला झोप मिळावी म्हणून घरचे बाटली देत होते. म्हणजे चोवीस तासांत पाजणं जेमतेम पाचदा. नवजात बाळाला ते आठ ते बारा वेळा लागतं.

तिची काळजी खोटी नव्हती, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. जन्माचं वजन २.९ किलो, आज ३.०५. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं, की पुढे रोज २५-३० ग्रॅम वाढ दिसायला हवी. ओले लंगोट दिवसाला चार-पाच. निदान सहा तरी हवेत. पुष्कळ जणींचं असं नसतं. स्तन मऊ लागतात, बाळ संध्याकाळी सारखं मागतं, पंपात थोडंच येतं, म्हणून त्या घाबरतात आणि बाळ मात्र छान वाढत असतं. इथे दूध खरंच कमी पडत होतं.

स्तनात दूध साचून राहिलं की ते बनण्याचा वेग मंदावतो; रिकामा झाला की वाढतो. शतावरी-मेथीवरचे अभ्यास छोटे आहेत, निष्कर्ष एकसारखे नाहीत. मेथीच्या मोठ्या मात्रेने जुलाब होतात, रक्तातली साखर उतरते, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तीही उठू शकते. आणि औषध चांगलं असलं तरी स्तन रिकामा होत नसेल, तर ते कशावर काम करणार?

बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, नाक बोंडीसमोर आणलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो. हनुवटी रुतली, टचटच थांबली आणि गिळण्याचा आवाज ऐकू आला. “ताई, दुखत नाहीये,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. रात्रीचं पाजणं परत सुरू करायचं, पाजून झाल्यावर हाताने पिळायचं, निघेल ते वाटी-चमच्याने द्यायचं, वरचं दूध वजन बघूनच कमी करायचं, असं ठरलं. थायरॉइडची तपासणीही डॉक्टरांकडून करून घेतली, ती ठीक निघाली.

तीन दिवसांनी वजन ३.१४ होतं, त्यानंतर दोन आठवड्यांनी ३.६. रात्रीचं एक वेळचं वरचं दूध तेव्हाही चालूच होतं. ते पुढच्या दहा दिवसांत सुटलं.