पैकीच्या पैकी मिळतात, मग अडतंय कुठे?

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. गणित-विज्ञानात तिला कायम पैकीच्या पैकी मार्क मिळतात. बाईंनी वर्गात दहा उदाहरणं घातली की हिची पाच-सात मिनिटांत होतात. मग बाई तिला आणखी दहा देतात, नाहीतर मागे पडलेल्या मुलांना समजावून सांगायला बसवतात. गेले दोन-तीन महिने ती मुद्दाम सावकाश सोडवते असं माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, "लवकर झालं की अजून मिळतात." बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "हुशार आहे हो, तिचं तिचं होईल. मला बाकीचीही मुलं बघायची असतात." तिची बुद्धिमापन चाचणी करून घ्यावी का? तिला एकदम सातवीत बसवावं का? (तिचा भाऊ सातवीत आहे, अभ्यासात साधारण आहे.) की आतापासूनच स्पर्धा परीक्षांचा क्लास लावून करिअरची दिशा ठरवून टाकावी? घरी ती मैत्रिणीबरोबर गुप्त लिपी बनवून चिठ्ठ्या लिहीत बसते, त्यात बराच वेळ जातो.
– एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या लेकीचं आहे. "लवकर झालं की अजून मिळतात." अकरा वर्षांच्या पोरीने वर्गाचा व्यवहार नेमका ओळखलाय: काम भराभर उरकलं की बक्षीस म्हणून तेच काम पुन्हा. अशा ठिकाणी तुम्ही-मीही रेंगाळलोच असतो. ती आळशी होत चाललीय अशी शंका मनात आली असेल, तर ती काढून टाका.

करिअरचं विचारलंत म्हणून त्या अंगाने आधी बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमधला एक प्रकार मला आता दारातच ओळखू येतो. शाळेत कायम पहिला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात दोन विषय राहिलेले, शेजारी गोंधळलेले आई-वडील. अशाच एका मुलाला मी विचारलं होतं, "एखादा प्रश्न आला नाही की तू काय करतोस?" तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पान उलटतो." एवढी वर्षं शाळेत काढली, पण एकाच प्रश्नाशी अर्धा तास झटायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. डोकं उत्तम होतं. अडल्यावर काय करायचं, हे मात्र त्याने सहावी-सातवीत शिकायला हवं होतं आणि ते तो एकोणिसाव्या वर्षी, नापासाच्या शिक्क्यासकट शिकत होता.

तुमच्या मुलीबद्दल मला काळजी वाटते ती एवढीच. ती वर्गात कधी अडत नाही.

पैकीच्या पैकी मार्कांचा आनंद जरूर माना, पण त्यातून फारसं काही कळत नाही. एक फुटाच्या पट्टीने दार मोजायला गेलं तर पट्टी संपते, दार तसंच उरतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी हीच अडचण हेरली. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशासाठीची, म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची परीक्षा द्यायला लावली. वर्गाच्या परीक्षेत एकसारखी दिसणारी मुलं तिथे चांगली लांब लांब पांगली. कुणाला किती येतं ते तेव्हा कळलं. मूल कुठे अडतं ते दिसल्याशिवाय त्याला पुढे काय शिकवायचं ते ठरवता येत नाही.

आता वर्गाकडे येऊ. यावर शिक्षणशास्त्रात उपाय आहे, आणि तो शिक्षकांना वाटतो तितका अवघड नाही. त्याला स्तरित अध्यापन म्हणतात. घटक एकच, उद्दिष्ट एकच, पण त्यापर्यंत नेणारं काम दोन-तीन पायऱ्यांवर बेतलेलं. कॅरल ॲन टॉमलिन्सन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी ही मांडणी जगभरच्या शिक्षकांपर्यंत पोचवली. काय शिकायचं, कसं शिकायचं आणि शिकलेलं कशातून दाखवायचं, या तिन्ही ठिकाणी शिक्षकाला बदल करता येतो असं त्या सांगतात. ऐकायला हे पुस्तकी वाटेल, म्हणून एक तास उलगडून दाखवतो.

घटक आहे अपूर्णांकांचा लहानमोठेपणा. ज्या मुलांना अपूर्णांक म्हणजे काय हेच अजून बसलेलं नाही, ती कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून ३/४ आणि ५/८ शेजारी ठेवून बघतात. ज्यांना ते जमतं त्यांना ५/७ आणि ७/१० मध्ये मोठा कोणता, हे छेद समान करून शोधायचं असतं. (५०/७० आणि ४९/७०. मुद्दाम इतके जवळचे घ्यायचे, म्हणजे अंदाजपंचे उत्तर देता येत नाही.) आणि तुमच्या लेकीसारख्या दोघा-तिघांना एवढंच विचारायचं: १/२ आणि २/३ यांच्या मधे बसणारा अपूर्णांक शोधा.

बेरीज शिकताना पुष्कळ मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. १/२ अधिक २/३ बरोबर ३/५. बाई त्यावर लाल फुली मारतात, आणि बेरीज म्हणून ते चूकच आहे. पण ३/५ कुठे बसतो बघा: बरोबर १/२ आणि २/३ च्या मधे. मग तिला विचारायचं, हे नेहमीच होतं का? दुसरे दोन अपूर्णांक घेऊन बघ. होत असेल तर का होतं? इथे ती अडेल. अडू द्यायचं. फारच रडकुंडीला आली तर एकच इशारा द्यायचा: एका चाचणीत दोनपैकी एक प्रश्न बरोबर आला, दुसरीत तीनपैकी दोन, तर दोन्ही मिळून किती? पाचपैकी तीन. एकूण कामगिरी ही वाईट चाचणीहून बरी आणि चांगल्या चाचणीहून कमी असणारच, हे तिचं तिला दिसेल. यासाठी बाईंना फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहावी लागली. जादा दहा उदाहरणं लिहायला याहून जास्त वेळ लागला असता.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की १९३४ मध्ये गेले. त्यांनी सांगितलेला मुद्दा या साऱ्याच्या मुळाशी आहे. मुलाला एकट्याने जमतं ते, आणि कुणी थोडा हात दिला तर जमेल ते, या दोन्हींमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. तुमची मुलगी दिवसभर या पट्ट्याच्या अलीकडेच बसलेली असते. हात द्यायची वेळच येत नाही, म्हणून बाईंना वाटतं तिचं तिचं होईल.

स्तर पाडायचे म्हणजे वर्गाच्या वाटण्या करायच्या, असा अर्थ कुणी काढला तर नुकसान होईल. गट घटकागणिक बदलले पाहिजेत. अपूर्णांकात पुढे असलेली मुलगी नकाशावाचनात सोप्या पायरीच्या टेबलावर बसलेली दिसली पाहिजे, आणि तेही सगळ्यांना दिसलं पाहिजे. गटांना नावं द्यायची नाहीत. 'हुशार गट' म्हटलं की त्यातल्या मुलांना नाव राखायची चिंता लागते आणि बाहेरच्यांच्या मनात पाचरच बसते. शिवाय अवघड काम केल्याबद्दल मार्क कमी पडता कामा नयेत, नाहीतर शहाणं मूल सोपी पायरीच निवडेल.

आता उदाहरणांच्या त्या दुहेरी माऱ्याबद्दल. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुचवलेली पद्धत अगदी सरळ आहे: घटक शिकवायच्या आधीच त्याची चाचणी घ्यायची. मुलाला जे आधीच येतं त्याचा सराव माफ, आणि वाचलेला वेळ दुसऱ्या, खोल कामाला. त्याचं घरगुती रूप म्हणजे स्वाध्यायातली सर्वांत अवघड पाच उदाहरणं आधी सोडवायची. पाचातली चार बरोबर आली तर उरलेला स्वाध्याय नको. ही सवलत एकट्या तुमच्या मुलीला न देता सगळ्या वर्गाला खुली ठेवली, तर आजवर 'साधारण' म्हणून धरलेली एक-दोन मुलं त्यात निघतात. हा अनुभव मला बऱ्याच शिक्षकांनी सांगितलाय.

बाईंशी पुन्हा बोला, पण या वेळी 'कंटाळते' हा शब्द काढू नका. शिक्षकांना तो आपल्या शिकवण्यावरचा शेरा वाटतो, आणि पुढचं काही ऐकू येत नाही. मोठा वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईंची अडचण खरी आहे, ती आधी मान्य करा. मग वही उघडून दाखवा: ही वीस उदाहरणं, वीसही बरोबर, एकातही खाडाखोड नाही. आणि मागणी लहान ठेवा. एक विषय, एक घटक, आणि जादा दहाच्या जागी एकच वेगळा प्रश्न. सगळ्या विषयांत, वर्षभर, असं मागितलंत तर नकार ठरलेला, आणि तो रास्तही असेल.

इतरांना शिकवायचं काम अधूनमधून चांगलं आहे. समजावून सांगताना आपलं कच्चं कुठे आहे ते कळतं. पण ते रोजचं झालं तर ती वर्गात बिनपगारी मदतनीस होते आणि तिचं स्वतःचं शिकणं थांबतं. हेही बाईंना सौम्यपणे सांगता येईल.

सातवीत बसवण्याबद्दल. वर्ग ओलांडल्याने मूल कोलमडतं ही भीती संशोधनात फारशी टिकत नाही. योग्य मुलांना त्याचा बहुतेक फायदाच झालेला दिसतो. तरी तुमच्या घरात मी ते सुचवणार नाही, आणि कारण तुम्ही कंसात लिहिलंय. हा निर्णय घेताना तज्ज्ञ जी आयोवा मापनश्रेणी वापरतात, तिच्यात थेट नकार देणाऱ्या मोजक्या बाबी आहेत. भावंड त्याच वरच्या वर्गात असणं ही त्यांतली एक, आणि मुलाची स्वतःची इच्छा नसणं ही दुसरी. धाकटी बहीण आपल्याच वर्गात येऊन पहिली आली, तर तुमच्या मुलाने रोज कोणत्या तोंडाने शाळेत जायचं? आणि मुलीला काय वाटतं हे पत्रात कुठेच नाही. तिला विचारलंत का? त्यापेक्षा गणिताचा तास तेवढा वेगळ्या पायरीवर, हा मार्ग हलका आहे आणि मागेही घेता येतो.

बुद्धिमापन चाचणी आत्ता नको. शाळा पुरावा मागत असेल किंवा वागण्यातलं काही कोडं उलगडत नसेल, तर ती उपयोगी पडते. इथे कोडं तिनेच सोडवून दिलंय. आकड्यावर फार विसंबू नये याची एक गोष्ट सांगतो. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात बुद्ध्यंकावरून प्रज्ञावान मुलं निवडायला सुरुवात केली. त्या चाळणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गळली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये.

स्पर्धा परीक्षांचा क्लासही आत्ता नकोच. सहावीतल्या मुलीला तिथे वेग मिळेल, आणि वेग तिच्याकडे आधीच नको तितका आहे. अकराव्या वर्षी दिशा ठरवायची नसते. कुणी सांगितलेलं नसताना मूल काय करत बसतं, तेवढं टिपून ठेवायचं असतं. मी पालकांना त्यासाठी एक साधी वही घालायला सांगतो: तारीख, काय केलं, किती वेळ. वर्षाने ती वही कुठल्याही कलचाचणीपेक्षा जास्त बोलते.

त्या वहीतली पहिली नोंद तुम्ही मला पाठवलीच आहे. गुप्त लिपीत "बराच वेळ जातो" असं लिहिलंत. जाऊ द्या. बाईंकडून माफ झालेल्या सरावाच्या वेळात करायला याहून चांगलं काम मला सुचत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाच्या विद्वानाने अशा लिप्या फोडायची रीत लिहून ठेवली: भाषेत कोणतं अक्षर जास्त वेळा येतं ते मोजायचं, गुप्त मजकुरातलं कोणतं चिन्ह जास्त वेळा येतं ते मोजायचं, आणि दोन्हींची गाठ घालायची. तिला पाठ्यपुस्तकाची दोन पानं द्या आणि कोणतं अक्षर शेकडा किती वेळा येतं ते काढायला सांगा. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची की अक्षरासकट, हा निर्णय तिचा. त्यावरून मैत्रिणीशी भांडण होईल, होऊ द्या. शेकडेवारीचा घटक त्यात आपसूक होऊन जाईल, आणि मोजणीचं ते कोष्टक बाईंना दाखवता येईल.

मग मैत्रिणीने नव्या लिपीत लिहिलेली चिठ्ठी फोडायला बसवा. चार ओळींच्या चिठ्ठीवर ही युक्ती बहुधा चालत नाही, तिला लांबलचक मजकूर लागतो. हे मात्र तिला आधी सांगू नका.