एमएक्स-5 च्या डिफरन्शियलमध्ये कोणतं गिअर ऑइल टाकावं: 75डब्ल्यू-90 की 75डब्ल्यू-140?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेस्टरमध्ये 2000 सालची, 1.8 लिटरची माझदा एमएक्स-5 जुनी घेतली आहे, जाहिरातीत ‘एलएसडी’ (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) लिहिलं होतं, वर्षातून दोनदा ट्रॅकवर न्यायचा विचार आहे. दुकानदार 75डब्ल्यू-140 घ्या म्हणतो, वर फ्रिक्शन मॉडिफायरची (ऑइलमध्ये मिसळायच्या, घर्षण कमी करणाऱ्या रसायनाची) बाटलीही. गावाकडे जीपच्या क्राउनमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये, डोळे झाकून नव्वद नंबर टाकायचो, ते इथे चालेल का?

बहुतेक चालेल. तुमच्या गावच्या मिस्त्रींचं उत्तर या दुकानदारापेक्षा जास्त बरोबर आहे. माझ्याकडे हीच गाडी नऊ वर्षं आहे, तिचं सगळं काम मी नॉटिंगहॅमला घरासमोर स्वतः करते आणि तिच्या डिफरन्शियलमध्ये साधं 75डब्ल्यू-90, जीएल-5 दर्जाचं असतं. फक्त तुमच्या गाडीखाली नेमकं कोणतं डिफरन्शियल आहे ते आधी बघा. ऑइल त्यानंतर.

कारण एलएसडी म्हणजे काही एकच वस्तू नाही. सुरुवातीच्या 1.6 गाड्यांना व्हिस्कस, म्हणजे दाट द्रवावर चालणारं, एलएसडी मिळायचं. त्याचं सिलिकॉन स्वतःच्या बंद डब्यात असतं, बाहेरच्या गिअर ऑइलचा त्याच्याशी संबंध येत नाही. 1994 पासून 1.8 ला टॉर्सन येऊ लागलं. त्यात प्लेटा नाहीत, नुसते गिअर आहेत आणि त्या गिअरांमधलं घर्षणच जास्त पकड असलेल्या चाकाकडे ताकद पाठवतं. तिथे फ्रिक्शन मॉडिफायर टाकणं म्हणजे ज्या घर्षणासाठी टॉर्सन घेतलं तेच कमी करणं. तिसरा प्रकार क्लच प्लेटांचा, जो ट्रॅकवाले नंतर बसवून घेतात. मॉडिफायर लागतो तो याला.

प्लेटवाल्याला चुकीचं ऑइल पडलं की काय होतं ते एका मित्राच्या गाडीत मी बसून ऐकलं आहे. सरळ रस्त्यावर काही नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघालो, की मागून कट-कट-कट, जणू कोणी डिकीत हातोडी आपटतंय. त्याला वाटलं क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरजोडी) गेलं. आम्ही ऑइल काढून मॉडिफायर असलेलं ऑइल भरलं आणि रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये दहा-बारा वेळा इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवली, म्हणजे नवं ऑइल प्लेटांच्या मधे शिरतं. आवाज जवळजवळ गेला. अशा डिफरन्शियलला थोडी कटकट राहतेच, आणि त्याला बनवणारी कंपनी सांगेल तेच ऑइल वापरावं.

आता तुमचं कोणतं? पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर ठेवून खाली अजिबात शिरू नका), न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक सहज उलट दिशेला फिरलं तर साधं डिफरन्शियल आहे, किंवा व्हिस्कस असून दमलेलं आहे. त्याच दिशेला फिरलं तर एलएसडी आहे. कोणतं, ते चासी नंबर देऊन माझदाच्या पार्ट्स काउंटरवर विचारा. आधीच्या मालकाने काही बदललंय का, हे मात्र त्या मालकालाच विचारा, कारण तेवढं काउंटरवरच्या माणसाला कळणार नाही.

जीएल-5 वर मात्र तडजोड नाही. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं, त्यामुळे दाते नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली ऑइलचा थर पिळून निघतो. तेव्हा दात्यांना वाचवतात ती ऑइलमधली गंधक आणि फॉस्फरसची रसायनं. बाटली उघडल्यावर जो कुबट वास येतो तो त्यांचाच. जीएल-4 मध्ये ती कमी असतात. आणि उलटंही लक्षात ठेवा: उरलेलं जीएल-5 हँडबुक बघितल्याशिवाय कुठल्याही गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवेलच असं नाही.

नंबरांचं म्हणाल, तर गिअर ऑइलचा नव्वद आणि इंजिन ऑइलचा चाळीस या वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. 100 अंशांना नव्वद नंबरचा दाटपणा 13.5 ते 18.5 सेंटिस्टोक असतो, म्हणजे साधारण इंजिनच्या 40-50 नंबर ऑइलइतकाच. 140 मात्र 24 ते 32.5, खरोखर दाट. ‘75डब्ल्यू’ हा भाग थंडीचा: ते ऑइल उणे 40 पर्यंत पुरेसं वाहतं. इंग्लंडच्या थंडीला नुसतं नव्वदही पुरतं, पण किमतीत फार फरक नाही आणि सिंथेटिक 75डब्ल्यू-90 ट्रॅकच्या उष्णतेत जास्त टिकतं, म्हणून मी तेच घेते. टनभर वजनाच्या, 140-145 हॉर्सपॉवरच्या गाडीत 140 नंबर टाकलात तर ते ढवळण्यातच ताकद जाईल. टर्बो बसवलात, दिवसभर शर्यती करू लागलात, तर तेव्हा त्याचा विचार करा. वर्षातून दोन ट्रॅक डेला नको. त्यापेक्षा मोसम संपला की ऑइल बदला, 1.8 ला एक लिटरच लागतं.

बदलताना आधी वरचा, भरायचा नट उघडा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचा आधी काढलात, तर ऑइल जमिनीवर, गाडी स्टँडवर आणि पुन्हा भरायला वाट नाही. थोडी गाडी चालवून मग काढलंत तर ऑइल पटकन उतरतं. खालच्या नटाच्या लोहचुंबकावर काजळासारखा राखाडी लेप दिसेल, बोटांत चोळल्यावर मऊ लागला तर घाबरू नका. नखात टोचेल असा तुकडा सापडला, तर ऑइल भरण्याआधी डिफरन्शियल उघडून बघावं लागेल. नवे वॉशर लावा. गाडी सपाट असू द्या आणि भरण्याच्या भोकाच्या काठावरून ऑइल ओघळू लागलं की थांबा. दुसऱ्या दिवशी दोन्ही नटांवर टिश्यू फिरवून बघा. कोरडा निघाला की काम झालं.