नागपूरहून टोरांटोला कुत्रा नेताना: आधी पत्ता, मग तिकीट

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानेवाड्यातून मार्चमध्ये टोरांटोला जायचंय. पाच वर्षांचा गावठी शेरू सोबत न्यायचाय. घरात सासूबाईंचा राघू आहे. तिकडे अंगणाचं घर मिळालं तर चार गावरान कोंबड्या पाळाव्यात असं मनात आहे, आणि पितृपक्षात कावळ्याला घास ठेवता येईल का, तेही विचारलंय.

शेरू जाईल. बाकी तिन्हींचं उत्तर नाही असं आहे. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पत्ता. नागपुरात बसून आपण सरसकट टोरांटो म्हणतो, पण तिथं एकमेकींना चिकटलेल्या बऱ्याच महापालिका आहेत. वाडी नि कामठी नागपूरला लागूनच, तरी नगरपरिषदा वेगळ्या, तसंच हे. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मार्कम यांचे प्राण्यांबद्दलचे नियम टोरांटोपेक्षा वेगळे आहेत. स्कारबरो आणि इटोबिको मात्र टोरांटोतच मोडतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे पिन कोड: टोरांटोचा 'एम' अक्षरानं सुरू होतो, मिसिसागा-ब्रॅम्प्टनचा 'एल'नं. घर 'एल'मध्ये मिळालं तर मी इथं सांगतोय ते महापालिकेचे नियम लागू नाहीत, त्या शहराचे वेगळे वाचावे लागतील. टोरांटोचे नियम म्युनिसिपल कोडच्या ३४९ व्या प्रकरणात आहेत. एका घरात जास्तीत जास्त तीन कुत्री आणि सहा मांजरी.

घरभाड्याचा कायदा प्रांताचा, म्हणजे ऑन्टारियोचा आहे. तो भाडेकरूच्या बाजूचा आहे, पण अर्धवट माहितीवर विसंबलात तर फसाल. भाडेकरारात 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' असं कलम असलं तरी ते कायद्यानं निरर्थक ठरतं. केवळ कुत्रा आहे म्हणून घरमालक बाहेर काढू शकत नाही. त्रासदायक आवाज, नुकसान, कुणाला गंभीर ॲलर्जी अशी कारणं मात्र त्याला भाडे-न्यायाधिकरणापुढे मांडता येतात. कुत्र्यासाठी वेगळं डिपॉझिट मागणंही बेकायदा आहे, शेवटच्या महिन्याचं भाडं तेवढं आगाऊ घेता येतं.

ही ढाल तीन ठिकाणी चालत नाही. एक, करार होण्याआधी. घरमालक तेव्हा सरळ नकार देऊ शकतो. दोन, कॉन्डो, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅट स्कीमसारख्या इमारती. त्यांच्या डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या मूळ दस्तऐवजात, प्राण्यांना बंदी असेल तर ती भाडेकरूलाही बांधते. काही इमारती वजनाची मर्यादा घालतात, त्यामुळे 'पेट फ्रेंडली' एवढा शब्द पुरेसा नाही. डिक्लरेशन आणि नियमांची प्रत ईमेलवर मागा आणि शेरूचं वजन लिहून विचारा. तीन, नव्यानं आलेली माणसं हमखास अडकतात ती जागा: मालकाच्याच घरातली खोली, जिथं स्वयंपाकघर किंवा बाथरूम मालकाबरोबर सामायिक असतं. तिथं हा भाडेकरू कायदा लागूच होत नाही. तळघर घेणार असाल तर स्वयंपाकघर आणि बाथरूम स्वतंत्र असलेलंच घ्या.

कुत्रा लपवून करार करा, नंतर कायदा आहेच, असा सल्ला तुम्हाला मिळेल. माझं मत स्पष्ट आहे, असं करू नका. नव्या देशात पहिला घरमालक हाच तुमचा पहिला संदर्भ असतो, पुढचं घर त्याच्या शब्दावर मिळतं.

आता कागदपत्रं. भारत हा कॅनडाच्या लेखी कुत्र्यांच्या रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे. २८ सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून 'व्यावसायिक' कुत्रे नेण्यावर बंदी आहे. या शब्दाचा अर्थ आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. विक्री आणि ब्रीडिंग तर त्यात येतंच, पण दुसऱ्याला दत्तक द्यायला नेलेलं रस्त्यावरचं पिल्लूही येतं. स्वतःचा पाळलेला कुत्रा चालतो. म्हणून शेरू तुमच्याच सोबत, तुमच्याच प्रवासात जायला हवा. आधी तुम्ही आणि नंतर कुणा ओळखीच्याबरोबर शेरू, असं करू नका. मालकी दाखवणारे कागद जवळ ठेवा: महापालिकेचा परवाना, डॉक्टरांची जुनी बिलं, काही वर्षांचे फोटो.

खरी गडबड होते ती रेबीजच्या दाखल्यात. आपल्याकडच्या लसीकरण पुस्तिकेत लशीचा स्टिकर आणि तारीख असते, बाकी रकाने बहुधा कोरे. कॅनडाला इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, पशुवैद्यकाच्या सहीचा दाखला लागतो. त्यात कुत्र्याची जात, लिंग, रंग, वजन, लस टोचल्याची तारीख, लशीचं नाव, बॅच नंबर आणि लस किती काळ टिकते ते लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर एक वर्षच धरतात. तीन वर्षांची लस असूनही दाखला बाद ठरतो तो इथंच. पुस्तिकेवर अवलंबून न राहता लेटरहेडवर वेगळा दाखला करून घ्या, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह. जात म्हणून 'मिक्स' एवढंच नको, 'इंडियन परिया डॉग' किंवा 'इंडी' लिहा, आणि सगळ्या कागदांवर एकच शब्द ठेवा.

क्रम असा ठेवा: आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), पंधरा अंकी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मापाची, मग लस, म्हणजे चिपचा नंबर दाखल्यावर येतो. लस प्रवासाच्या महिनाभर आधी झालेली असू द्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे हे होईल. भारतातून बाहेर नेण्यासाठीचं आरोग्य प्रमाणपत्र मात्र केंद्र सरकारचं ॲनिमल क्वारंटाइन कार्यालय देतं. ते नागपुरात नाही. दिल्ली किंवा मुंबईला, कुत्रा प्रत्यक्ष दाखवून घ्यावं लागतं. उड्डाणाआधी निदान तीन कामाचे दिवस हाताशी ठेवा, शनिवार-रविवार मधे येऊ देऊ नका.

मार्ग दिल्लीहून थेट टोरांटो असाच निवडा. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेनं भारतासारख्या देशांतल्या कुत्र्यांवर वेगळे कडक नियम लावलेत, त्यात रक्ताची टायटर चाचणी (लशीनं पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते पाहणारी) किंवा क्वारंटाइन आलं. कॅनडासाठी टायटर लागत नाही, मग तो खर्च काहून ओढवून घ्यायचा? नागपूर-दिल्ली टप्पाही नीट ठरवा, कारण सगळ्याच विमान कंपन्या कुत्रा घेत नाहीत. रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत बसतो, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत जावं लागतं. दोन्हीत पार्सल ऑफिसात बुकिंग आणि लसीचा दाखला लागतो.

मार्चचा पहिला पंधरवडा पकडा. त्यानंतर नागपूरचं ऊन चढतं, आणि धावपट्टीवर तापमान जास्त असेल तर विमान कंपन्या जनावर चढवत नाहीत. पिंजरा शेरूच्या मापाचा हवा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजा, त्यात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, ती आतली लांबी. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची म्हणजे उभा असताना कानाच्या टोकापर्यंत, अधिक गादीची जाडी. दोन अर्धे भाग जोडायला प्लास्टिकच्या क्लिपा नकोत, लोखंडी नट-बोल्ट हवेत. पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता आलं पाहिजे. पिंजरा आजच आणा आणि सहा-आठ आठवडे शेरूचं जेवण त्यातच द्या. झोपेचं औषध देऊ नका. उंचीवर श्वास आणि रक्तदाबाचा धोका असतो, आणि गुंगीतलं जनावर कंपनी चढवून घेत नाही.

उतरल्यावर टोरांटो महापालिकेचा परवाना ऑनलाइन काढा. तो दरवर्षी नवा करावा लागतो, बिल्ला गळ्यात हवा. नसबंदी झालेल्या कुत्र्याची फी न झालेल्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शेरूची झाली नसेल तर नागपुरातच करून दाखला घ्या, तिकडे ती बरीच महाग पडते. रेबीजची लस ऑन्टारियोत तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला आणि मांजराला सक्तीची आहे, मुदत संपू देऊ नका.

बाहेर पट्टा दोन मीटरपेक्षा लांब नको. मोकळं सोडायचं ते फक्त ठरवून दिलेल्या जागी, हाय पार्क नि चेरी बीचला तशा जागा आहेत. अंगणात बांधलात तर दोरी निदान तीन मीटर हवी आणि एका तासापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवायचं नाही. आपल्याकडे दिवसभर फाटकाशी साखळीला बांधतात, ती सवय इथूनच मोडा. विष्ठा लगेच उचलायची, ती घरच्या हिरव्या डब्यात पिशवीसकट टाकता येते. बस आणि सबवेत (तिथल्या मेट्रोत) सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी साडेतीन ते सात सोडून न्या. हिवाळ्यात फुटपाथवर मीठ टाकतात, त्यानं पंजे भाजतात. बूट घाला, निदान घरी आल्यावर पाय कोमट पाण्यानं धुवा.

चावण्याबाबत कायदा फार कठोर आहे. कुत्रा चावला तर 'पहिल्यांदाच झालं' हा बचाव चालत नाही, भरपाई मालकाचीच. आरोग्य खातं दहा दिवस कुत्र्याला निरीक्षणाखाली ठेवायला लावतं, आणि महापालिका त्याला धोकादायक ठरवून कायमची मुसकी बांधायला लावू शकते. शेरू अनोळखी माणसावर धावतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणून आत्तापासून फुटाळा तलावावर गर्दीच्या वेळी पट्ट्यावर फिरवा, मुसक्याची सवय लावा. भाडेकरू विमा घेताना कुत्र्याच्या चाव्याची जबाबदारी त्यात धरली आहे का, ते वाचून घ्या.

कोंबड्यांचं लवकर संपवतो. टोरांटोच्या प्रतिबंधित यादीत कोंबड्या, बदकं, शेळ्या, मेंढ्या, गायी, डुकरं सगळं आहे. २०१८ मध्ये चार वॉर्डांत चार कोंबड्यांपर्यंत परवानगीचा प्रयोग झाला होता, कोंबडा तेव्हाही नव्हताच. तो २०२३ मध्ये बंद झाला. जुन्या लेखांत 'टोरांटोत कोंबड्या चालतात' असं वाचलं असेल तर ते त्या प्रयोगाबद्दल आहे.

कावळ्याचा घास. १ एप्रिल २०२३ पासून टोरांटोत रानटी प्राणी आणि कबुतरांना खाऊ घालायला बंदी आहे, सार्वजनिक जागीच नव्हे तर स्वतःच्या अंगणात आणि बाल्कनीतही. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून २०२२ मध्ये नागपूर खंडपीठात वाद गाजला होता, पण टोरांटोतला प्रश्न कुत्र्यांचा नाही. उघड्यावरच्या भातावर रॅकून, उंदीर आणि कोल्ह्यासारखे कायोटी येतात, माणसाला सरावतात, आणि रॅकूनमधून रेबीज पसरू शकतो. छोट्या पक्ष्यांसाठी जमिनीपासून वर टांगलेला, स्वच्छ ठेवलेला दाण्याचा डबा चालतो. पान घरातच देवापुढे वाढावं आणि गोग्रासाचे पैसे नागपुरातल्या गोशाळेला पाठवावेत, असं मी सासूबाईंना सुचवीन.

राघूबद्दल सांगताना मलाही जड जातं. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला परदेशी नेणं दूर, नागपुरात पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हा आहे. शेजाऱ्याला देऊन जाणं म्हणजे तो गुन्हा त्याच्या गळ्यात बांधणं. आणि गच्चीवरून उडवून तर मुळीच देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाच्या पंखांत जोर नसतो, खाणं शोधता येत नाही, पहिल्या दिवशीच कावळे किंवा मांजर त्याला मारतात. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तिथं स्वतःहून नेऊन द्या, फेब्रुवारी उजाडायच्या आत, म्हणजे निघायच्या गडबडीत ते राहणार नाही. तो काय खातो, किती वर्षं पिंजऱ्यात आहे, उडतो की नाही, हे कागदावर लिहून द्या. सासूबाईंना सोबत न्या, ही माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नसेल.