फड्या निवडुंग रांधताना

आधी झाड नीट ओळखा. चपट्या फड्यांचाच निवडुंग घ्या. मोडल्यावर पांढरा चीक गळतो ती झाडं विषारी, त्यांना हातही लावू नका. तळहाताएवढे कोवळे, तजेलदार फडे निवडा. खरी भीती मोठ्या काट्यांची नाही, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कुसळांची आहे. फडा चिमट्यात धरा, सुरी आडवी ठेवून कुसळं उगवतात तो प्रत्येक ठिपका खरवडा, कडा कापून टाका, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. इथे घाई नकोच.

तुकडे मिठाच्या पाण्यात दहाएक मिनिटं उकळून निथळले की बुळबुळीतपणा बराच कमी होतो. मला मात्र मोठ्या आचेवर परतलेलेच आवडतात, चव आंबटसर राहते.

निवडुंगात ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं काहींना न चालणारं प्रथिन, नसतंच. पण तयार मसाले, सॉस आणि कणीक लागलेलं लाटणं-पोळपाट यांच्याकडे लक्ष ठेवा.