मोठ्या कुत्र्यासाठी खेळणी आणि खाऊचा मासिक बॉक्स कसा निवडावा?

तुमचा जर्मन शेफर्ड दीड वर्षाचा, ३६ किलोचा आहे आणि आणलेलं प्रत्येक खेळणं तासाभरात फाडतो, असं तुम्ही लिहिलंय. अशा कुत्र्यासाठी बॉक्सवर ‘लार्ज’ लिहिलंय का, हे नंतर बघा. आधी कंपनीला विचारा, खेळणी फाडणाऱ्या कुत्र्यांसाठी वेगळा बॉक्स आहे का? नसेल तर तो बॉक्स घेऊ नका.

वजनावरून पट्ट्याचं माप कळतं, चावण्याची सवय कळत नाही. माझा लॅब्राडोर मोती ३४ किलोचा. मी निव्वळ वजन बघून बॉक्स लावला होता. आत मऊ कापडी खेळणी यायची, पोटात शिट्टी असलेली. तिसऱ्या महिन्यात त्याने एका खेळण्याचं कापड गिळलं. दोन दिवस उलट्या, खाणं बंद. एक्स-रेमध्ये कापड नीट दिसलं नाही, सोनोग्राफीत कळलं आणि शेवटी आतड्याचं ऑपरेशन करावं लागलं. मोती वाचला, पण ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो. दोरीची खेळणी तर मी त्याला एकटं असताना देतच नाही. सुटलेला लांब धागा पोटात गेला तर आतड्याला अक्षरशः चुण्या पाडतो.

मग काय चालतं? जाड, भरीव रबराची खेळणी, आणि आत खाऊ भरता येतो अशी. फक्त त्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असावीत. एकच भोक असेल तर आत हवेची पोकळी तयार होऊन जीभ अडकू शकते. चेंडूचं माप फार महत्त्वाचं. मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात टेनिसचा चेंडू दबतो आणि घशात जाऊन बसू शकतो, म्हणून दाढांच्या मागे सरकणारच नाही एवढा मोठा चेंडू हवा.

‘मजबूत’ म्हणजे ‘कडक’ नव्हे, हे मात्र बरेच जण विसरतात. बॉक्समध्ये हरणाची शिंगं, खूर, हाडं येत असतील तर ती काढून ठेवा. त्यांवर जोर लावताना वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा टवका उडतो. माझी कसोटी सोपी आहे: अंगठ्याचं नख दाबून बघायचं. जरासुद्धा खूण उमटली नाही तर ती वस्तू मोतीला द्यायची नाही.

आता खाऊ. दिवसभराच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून जास्त खाऊतून जाऊ नयेत. नसबंदी झालेल्या ३६ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला १६० येतात. एका बिस्किटात ३० असतील तर पाच बिस्किटं, बस. म्हणून पाकिटावर एका तुकड्याच्या कॅलरी छापणारी कंपनी मला आवडते. घटक पूर्ण वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते), मनुका, चॉकलेट, कांदा कुत्र्यांना विषारी असतात; ते दिसले तर पाकीट सरळ फेका. गोमांस, दुग्धपदार्थ आणि चिकन यांची ॲलर्जी कुत्र्यांमध्ये इतर पदार्थांपेक्षा जास्त दिसते, त्यामुळे तुमचा कुत्रा सारखा अंग खाजवत असेल तर खाऊ बदलून देणारा किंवा फक्त खेळण्यांचा बॉक्स असलेली कंपनी निवडा.

वर्षभराचे पैसे एकदम भरू नका, कितीही सवलत असली तरी. एकाच महिन्याचा घ्या. बॉक्स आला की एक खेळणं द्या, बाकीची लपवा, आणि पहिली पंधरा मिनिटं शेजारी बसून बघा. तो दाढांनी चघळतोय, की पुढच्या दातांनी शिवण उसवतोय? उसवत असेल तर लगेच काढून घ्या आणि फोटो काढून कंपनीला पाठवा. फाटलेलं खेळणं बदलून देतात का आणि पुढच्या बॉक्समध्ये कापडी खेळणी टाकू नका म्हटल्यावर ऐकतात का, हे बघूनच मग दुसऱ्या महिन्याचे पैसे भरा.